आधी विरजण, मग टाकी

(गोव्यात फोंड्यातल्या हौशी मत्स्यपालकांच्या बैठकीत झालेलं हे बोलणं. लिहून काढताना पुनरुक्ती तेवढी गाळली आहे.)

मागच्या बैठकीत एका मुलानं मला विचारलं होतं, "मास्तर, नवीन मासे वेगळे ठेवायला छोटी टाकी घेतली. आता तिला फिल्टर कुठला घेऊ?" मी म्हटलं, "स्पंज," आणि चहाच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. घरी जाताना लक्षात आलं की उत्तर चुकलं नव्हतं, पण अर्धंच दिलं होतं. उरलेलं अर्धं आज देतो.

विलगीकरण म्हणजे काय, हे आता कुणाला समजावून सांगावं लागत नाही. २०२० साली आपण सगळेच त्यातून गेलो. क्वारंटाइन या शब्दात इटालियन भाषेतले ४० दिवस दडलेत. त्याआधी १३७७ साली रागुसा (आजचं क्रोएशियातलं दुब्रोव्हनिक) बंदरात बाहेरून येणाऱ्यांना ३० दिवस वेगळं ठेवायचा नियम झाला होता. माशांसाठी मी चार आठवडे धरतो. आपल्या दुकानांत येणारा मासा बऱ्याचदा चेन्नईच्या कोलत्तूरकडून नाही तर मुंबईच्या घाऊक बाजारातून येतो. वाटेत तो किती टाक्यांचं पाणी प्यालेला असतो, ते दुकानदारालाही माहीत नसतं. त्याला थेट मोठ्या टाकीत सोडायचं नाही, एवढं आपण मान्य करून पुढं जाऊ.

माझी एक फजिती सांगतो, म्हणजे मुद्दा लवकर कळेल. काही वर्षांपूर्वी मी चार एंजल मासे आणले. त्यांच्यासाठी दीड फूट लांब, फूटभर रुंद आणि फूटभर उंच अशी टाकी तयार केली. काठोकाठ भरली तर ४२ लिटर, प्रत्यक्षात ३५ धरा. टाकी गरम पाण्यानं धुतली, उन्हात वाळवली. कडेला टांगायचा नवाकोरा फिल्टर आणला. खोक्यावर ताशी ३०० लिटर असं छापलं होतं. ३५ लिटरच्या टाकीला ३०० लिटरचा फिल्टर म्हणजे मासे राजासारखे राहतील, असा माझा हिशेब. चौथ्या दिवशी सकाळी चारही मासे वर येऊन तोंड उघडमीट करत होते. कल्ले लालभडक. मला वाटलं, रोगच घेऊन आलेत. निळं औषध ओतलं. संध्याकाळपर्यंत दोन गेले. बायको म्हणाली, "दुकानात चार महिने जगले, तुमच्याकडे चार दिवस!"

दुसऱ्या दिवशी एका मित्राकडून अमोनिया तपासायचं किट आणलं. नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते गर्द हिरवं झालं. माशांना कसलाही रोग नव्हता. ते आपल्याच घाणीत गुदमरत होते आणि तो ३०० लिटरचा फिल्टर तीच घाण तासाला आठ-नऊ वेळा त्यांच्या अंगावरून फिरवत होता.

पाणी फिरवणं हे फिल्टरचं निम्मंही काम नाही. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतो. उरलेलं खाणं कुजलं की त्याचाही अमोनिया होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट त्या मानानं निरुपद्रवी, ते पाणी बदललं की जातं. हे जिवाणू स्पंजच्या, लोकरीच्या, खड्यांच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात. पाण्यात त्यांची संख्या नगण्य. म्हणून जुन्या टाकीतलं बादलीभर पाणी नव्या टाकीत ओतून काही साधत नाही. आणि हे जिवाणू वाढतात सावकाश. नव्या फिल्टरवर त्यांची पुरेशी वस्ती व्हायला तीन ते सहा आठवडे लागतात. म्हणजे माझा फिल्टर कामाला लागेपर्यंत माझं विलगीकरणच संपलं असतं.

आता घरचीच गोष्ट घ्या. दह्याचं नवीन भांडं आणलं म्हणून दही लागत नाही. कालच्या दह्यातलं चमचाभर विरजण बाजूला काढून ठेवावं लागतं. फिल्टरचं तसंच आहे. दहा रुपयांचं भांडं चालेल, विरजण हवं.

माझ्या मोठ्या टाकीत मागच्या कोपऱ्यात एक जादा स्पंज फिल्टर बारा महिने चालू असतो. त्या टाकीला त्याची गरज नाही, तो तिथं पाहुण्यासारखा राहतो. नवीन मासे ज्या दिवशी येतात, त्याच दिवशी तो उचलून छोट्या टाकीत ठेवायचा. आदल्या आठवड्यात नेऊन ठेवू नका. रिकाम्या टाकीत त्याला खायला अमोनिया नाही, तो हळूहळू उपाशी पडतो. आणि मोठ्या टाकीतच रोग असेल तर हे विरजण नासलेलं आहे, ते वापरायचं नाही.

स्पंजच का, तेही पाहू. हा बघा, हातात घेऊन दाखवतो. मधे उभी नळी, खाली स्पंज, बाजूनं ही बारीक हवेची नळी आत जाते. एअर पंपाची हवा उभ्या नळीत बुडबुडे होऊन शिरते. बुडबुड्यांमुळे नळीतलं पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा हलकं होतं, वर चढतं. त्याची जागा घ्यायला स्पंजमधून पाणी आत येतं. यात फिरणारं चाक नाही, पाण्यात मोटर नाही, विजेचा खर्च दोन-तीन वॅट. गप्पीचं पिल्लू स्पंजला चिकटलं तरी सुटून जातं, चाकात सापडत नाही. वर बुडबुडे फुटतात तिथं पाणी हलतं आणि हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळतो. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. मे महिन्यात पंख्याखाली आपणच धापा टाकतो, मग आजारी मासा काय करेल? त्यात कित्येक औषधं प्राणवायू आणखी कमी करतात.

आता पावसाळा. मृगाचे पहिले दोन वारे आले की माडाची नाही तर फणसाची फांदी तारेवर पडते आणि वीज जाते. कधी दहा मिनिटं, कधी रात्रभर. मोठ्या टाकीखाली ठेवायचा बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर अशा वेळी धोक्याचा. आत पाणी साचून राहतं, जिवाणू प्राणवायू संपवतात, मग स्वतःच मरू लागतात. वीज आली की ते सगळं सडकं पाणी टाकीत येतं. कडेला टांगायच्या फिल्टरातलं पाणी उतरून गेलं, तर वीज आल्यावर त्याची मोटर कोरडीच घुरघुरत राहते. स्पंज उघड्या पाण्यात असतो, त्यामुळे तो तासन् तास तग धरतो. त्याला बॅटरीवरचा छोटा एअर पंप जोडला तर रात्रही निघते. तो पंप जूनच्या आधी घेऊन ठेवा.

पण हवेच्या नळीचा एक धोका आहे, तो इथल्या निम्म्या लोकांना भोवलेला असणार. वीज गेली की हवा थांबते आणि नळीतून पाणी उलटं येऊ लागतं. पंप टाकीपेक्षा खाली ठेवला असेल तर ते थेट पंपात शिरतं, तिथून जमिनीवर. म्हणून नळीत एकतर्फी झडप बसवायची. तीस-चाळीस रुपयांची वस्तू. झडप समजावताना मला नेहमी खाडीकाठच्या खाजन शेतीची मानस, म्हणजे बांधातलं लाकडी दार, आठवते. ओहोटीला आतलं पाणी तिचं दार ढकलून नदीत उतरतं, भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या जोरानंच दार मिटतं आणि खारं पाणी शेतात येत नाही. आपल्या पूर्वजांनी लाकडात जे केलं, तेच इथं बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकमध्ये आहे. बसवताना एका टोकाकडून फुंकर मारून बघा. हवा टाकीच्या दिशेनं गेली पाहिजे. उलटी बसवली तर बुडबुडेच येणार नाहीत आणि तुम्ही पंपाला शिव्या द्याल.

बाकीचे फिल्टर पटकन उरकतो. खड्यांखाली बसवायची जाळी विलगीकरणात नको, कारण खडेच नकोत. तळ उघडा हवा, म्हणजे विष्ठा, उरलेलं खाणं दिसतं आणि काढता येतं. पाण्यात बुडवायचे मोटरवाले फिल्टर ३५ लिटरमध्ये पूर आणतात, आजारी फायटर मासा तर भिंतीला चिकटतो. कोपऱ्यात ठेवायची जुनी प्लास्टिकची डबी, आत लोकर भरायची, ती मात्र मला अजून आवडते. दुकानात ती आता कुणी मागत नाही म्हणून धूळ खात असते. तिच्यातली लोकर मोठ्या टाकीत मुरवून घेतली तर काम छान होतं आणि नंतर टाकून देताना जीव तुटत नाही.

औषधांकडे येऊ, कारण इथं फिल्टर आणि औषध एकमेकांच्या पायात येतात. फिल्टरात सक्रिय कोळसा असेल तर आधी काढा. तुम्ही वरून औषध घालता आणि कोळसा ते शोषून घेतो, मासा आहे तिथंच. अमोनिया शोषणारे झिओलाइटचे खडे काही जण घालतात. ते चालतात, पण मिठाचा उपचार करणार असाल तर मुळीच नाही. मिठानं झिओलाइट धरलेला अमोनिया परत पाण्यात सोडतो. आगरवाड्याचं चांगलं मीठ घातलं आणि मासे मेले असं म्हणणाऱ्या एकाच्या टाकीत मला हेच खडे सापडले होते. आणि निळं औषध, मिथिलीन ब्लू, जिवाणूंनाही मारू शकतं. तेव्हा औषध चालू असताना विरजणावर भरवसा ठेवून झोपू नका. रोज पाव टाकी पाणी बदला, खाणं अर्ध्यावर आणा, अमोनिया रोज तपासा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी मारून घ्या. बदललेल्या पाण्यापुरतं औषध पुन्हा मोजून घाला, अंदाजानं नाही.

विहिरीचं पाणी वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. आपल्याकडचं चिऱ्याच्या जमिनीतलं पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं. पीएच हे आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं पाणी आम्ल. ७ पीएचच्या पाण्यात अमोनियाचा विषारी भाग शंभरात एकाहूनही कमी असतो, ८ पीएचला तो सहा-सातावर जातो. म्हणजे मऊ पाणी माशाला थोडं सांभाळून घेतं. पण त्याच पाण्यात जिवाणू मंदावतात. साडेसहा पीएचच्या खाली तर फारच. त्यामुळे विहिरीचं पाणी असेल तर फिल्टरच्या भरवशावर माशांची संख्या वाढवू नका.

उपचार संपले की स्पंजचं काय करायचं? मोह होतो, पुन्हा मोठ्या टाकीत ठेवावा. नाही! पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी मासा सोडून खाली उतरतो, मिळेल त्या पृष्ठभागाला चिकटून फुटतो आणि त्यातून शेकडो पिल्लं पोहत बाहेर पडतात. तो पृष्ठभाग तुमचा स्पंज असू शकतो. साधा ठिपक्यांचा रोग असेल तर एक भाग ब्लीच आणि वीस भाग पाण्यात अर्धा तास बुडवायचा, धुवायचा, क्लोरीन मारायच्या औषधात घालायचा आणि चांगल्या कडक उन्हात दोन-तीन दिवस कोरडा करायचा. आपल्याकडे जुलैत ते ऊन मिळत नाही, तेव्हा सरळ फेकून द्या. मासा खंगत खंगत, कणा वाकून मेला असेल तर कुठल्याही ऋतूत फेका. तो माशांचा क्षय असू शकतो आणि तो माणसाच्या हातावरच्या जखमेतून आत शिरू शकतो, म्हणून हात कापलेला असेल तर टाकीत घालू नका. आणि स्पंज फेकला त्याच दिवशी दुसरा मोठ्या टाकीच्या कोपऱ्यात लावून ठेवा, नाही तर पुढच्या वेळी तुमच्याकडे विरजण नसेल.

मागं बसलेल्या बाईंनी चिठ्ठी पाठवली आहे. "स्पंज धुवायचा कसा आणि कधी?" बुडबुडे नेहमीसारखे येत असूनही नळीतून पाणी कमी येऊ लागलं की. टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात दोन-तीनदा पिळायचा. नळाखाली नाही, क्लोरीन आहे. पांढराशुभ्र होईपर्यंत तर मुळीच नाही. तो तपकिरी आहे म्हणून तर कामाचा आहे.

दुसरा प्रश्न : "गणेश चवथीला पाच दिवस गावी जातो. तेव्हा छोट्या टाकीत मासे असतील तर?" असू देऊ नका. चवथीची तारीख बघा, चार आठवडे मागं मोजा आणि त्या दिवसानंतर मासे विकत घेऊ नका. दुकानात नुसतं बघायला जायचंच असेल तर पाकीट घरी ठेवून जा. मी तसंच करतो, तरी एकदा उधारीवर घेऊन आलो होतो.