आधी सात पोरं, मग प्रेम

नमस्कार मंडळी, जेवणं आटोपली असतील तर जरा आवाज वाढवा, आज आपण एका लग्नाबद्दल बोलणार आहोत. नवरदेव विधुर, त्याला चार मुलगे. नवरी विधवा, तिला दोन मुलगे आणि एक मुलगी. बेरीज करा, सात! बासू चटर्जींचा १९७८चा पिक्चर, ‘खट्टा मीठा’. आता आठवला ना?

मुंबईतली दोन पारशी घरं. होमी मिस्त्री म्हणजे अशोककुमार, दादामुनी तेव्हा साठी कधीच ओलांडून बसलेले, आणि नर्गिस सेठना झालीय पर्ल पदमसी, नाटकवाली बाई, तिला पडद्यावर बघताना ही अॅक्टिंग करतेय असं वाटतच नाही, शेजारची मावशी दार उघडून बोलायला आलीय असंच वाटतं. लग्नाची आयडिया ना त्याची ना तिची, ती काढतो मित्र, सोली. हे काम डेव्हिडनी केलंय, तो गोल चेहऱ्याचा, बघूनच हसू येतं.

तर मला यातलं काय आवडतं सांगू का, या दोघांची नजरानजर वगैरे काही होत नाही. सरळ व्यवहार! याच्या घरात सगळे पुरुष, बाईमाणूस नाही, तिच्या घरी कर्ता माणूस नाही, मग एकत्र राहिलं तर बरं पडेल, एवढाच हिशोब. आपल्याकडे बिजवर म्हटलं की लोक दबक्या आवाजात बोलतात, आणि बाई विधवा असेल तर विचारूच नका, ‘या वयात कसली हौस?’ हे हमखास. बासूदा त्या प्रश्नात पडतच नाहीत. हसवतात ते पोरांवरून. बापानं लग्न केलं म्हणून फुगून बसणारी मोठी मोठी घोडी! ही पोरं एकमेकांना पाण्यात बघतात, आणि आईबाप बिचारे नवीनच लग्न झालेले, त्यांना दोन शब्द बोलायला निवांत जागा मिळेल तर शप्पथ.

आणि तिथेच हळूहळू ते दोघं एकमेकांना आवडायला लागतात, म्हणजे आधी संसार, मग प्रेम. तरुण जोडी आहे म्हणा, राकेश रोशन आणि बिंदिया गोस्वामी, ती श्रीमंताची पोरगी वगैरे, दिसायला छान, पण खरं सांगते, त्यांचे सीन आले की मी चहा टाकायला उठते. देवेन वर्मा आला की मात्र परत येऊन बसायचं, आपल्या पुण्यात वाढलेला माणूस तो.

पुढे गोलमाल थ्रीमध्ये हीच कल्पना घेतली, २०१० साली. तो आरडाओरडा मला नाही झेपला बाई, तुम्हाला आवडला असेल तर असू दे.

आमच्या बिल्डिंगमधे एक काका आहेत, अठ्ठावन्नाव्या वर्षी लग्न केलं त्यांनी, कोर्टात, चार माणसं घेऊन. परवा लिफ्टमधे भेटले, हातात दुधाच्या दोन पिशव्या. म्हटलं, काय काका, कसं चाललंय? तर म्हणाले, ‘अगं, हिला चहा कमी साखरेचा लागतो, मला गोड, आता दोन पातेली चढतात.’

असो. गुलजारचे शब्द, राजेश रोशनची चाल, ‘थोडा है थोडे की जरूरत है’. ऐका.