खाऱ्या हवेतली हार्ड डिस्क

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलू घरच्या फायलींची जादा प्रत, म्हणजे बॅकअप, ठेवायच्या हार्ड डिस्कबद्दल.

हार्ड डिस्कच्या धातूच्या झाकणावर एक बारीक भोक असतं, उदबत्तीची काडी जेमतेम जाईल एवढं. शेजारी इंग्रजीत सूचना असते की हे बंद करू नका. डिस्क चालू झाली की आतली हवा तापून फुगते, बंद केली की आक्रसते, आणि ती ये-जा याच भोकातून होते. आत गाळणी असते. ती धूळ अडवते, दमटपणाला मात्र फक्त उशीर लावते. हेलियम भरलेल्या मोठ्या डिस्क सोडल्या तर सगळीकडे हाच प्रकार. आपण यूएसबीने जोडतो ती एक्स्टर्नल डिस्क म्हणजे हीच वस्तू प्लास्टिकच्या खोक्यात, म्हणून भोक दिसत नाही एवढंच. आषाढात आपल्याकडे कोकणात मिठाला पाणी सुटतं, पापड मऊ पडतात, चपलांवर बुरशी येते. तीच हवा ही डिस्क आत घेत असते.

दुकानात पहिला प्रश्न असतो कंपनीचा. फिरत्या तबकडीची डिस्क बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या आता तीनच उरल्या आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. खोक्यावर नाव दुसरं असलं तरी आत या तिघींपैकीच कुणाची तरी डिस्क असते. तिन्हींच्या चालतात, तिन्हींच्या बिघडतात. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, फायली मिळत नाहीत. तेव्हा एका भारी डिस्कच्या पैशात दोन साध्या घ्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या, आणि दोन वेगळ्या गावांत ठेवा.

दोन गावांत कशाला? ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि घरांची छपरं गेली. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. अशा दिवशी कम्प्युटर टेबलावर आणि बॅकअप त्याच टेबलाच्या खणात असेल, तर दोन्ही एकाच वेळी जातात. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला तीन-दोन-एक नियम हेच सांगतो: प्रती तीन, साधनं दोन प्रकारची, आणि एक प्रत घराबाहेर. आपल्याकडे घराबाहेरची सोय आयती आहे. बहुतेक घरांतलं कुणीतरी मुंबई-पुण्याला असतं, आणि गणपतीला व शिमग्याला येतंच. दोन सणांत साधारण सहा महिन्यांचं अंतर. गणपतीला चाकरमान्याने आपल्याकडची डिस्क आणायची, घरातली ताजी घेऊन जायची. शिमग्याला पुन्हा अदलाबदल. आंब्याच्या बागेचे किंवा काजूच्या कारखान्याचे हिशेब असतील तर सहा महिने फार झाले. तिथे महिन्याला एक फेरी हवी, मग ती तालुक्याच्या गावातल्या भावाकडे का असेना.

केवढी घ्यायची? सातबारा, फेरफार, खरेदीखतं, घरपट्टीच्या पावत्या, सगळं स्कॅन केलं तरी एका घराचं दप्तर एखाद्या जीबीत मावतं. जागा खातो तो व्हिडिओ. मोबाइलवर फोर-के चित्रण मिनिटाला साडेतीनशे एमबीपर्यंत जातं. दशावताराचा सहा तासांचा प्रयोग असा टिपला तर सव्वाशे जीबी गेले. आज आहे त्याच्या अडीच-तीन पट जागा घ्या. घरी जोडल्यावर एक टीबीची डिस्क ९३१ जीबीच दिसली तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, त्यातला हा फरक.

प्रकारांत, टेबलावर ठेवायची मोठी डिस्क वेगळ्या अडॅप्टरवर चालते. लाईट गेली की ती लिहिता लिहिता बंद पडते. खिशात मावणारी अडीच इंची डिस्क लॅपटॉपकडूनच वीज घेते, लॅपटॉपला बॅटरी असते, त्यामुळे लाईट गेल्याचं तिला कळतही नाही. पावसाळ्यात दिवसातून चारदा लाईट जाणाऱ्या आपल्या भागात हा मुद्दा मला वेगापेक्षा मोठा वाटतो. ही सहा टीबीपर्यंत मिळते.

एसएसडी या दुसऱ्या प्रकारच्या डिस्कमध्ये फिरणारं काही नसतं, म्हणून ती पडली-आपटली तरी बहुधा निभावते. पण तिच्यात माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि तो भार उष्णतेने हळूहळू गळतो. मानकाप्रमाणे, आयुष्यभराचं लिखाण पुरं झालेल्या घरगुती एसएसडीने तीस अंशांत, वीज न देता, एक वर्ष माहिती धरायला हवी. नवी याहून पुष्कळ जास्त धरते. तरी एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या खोलीत तीस अंश कुठले! वर्षानुवर्षं कपाटात पडायची प्रत फिरत्या डिस्कवर ठेवा. रोज पिशवीतून न्यायची असेल तर एसएसडी.

आणि सोळा टीबीची एसएसडी दोन हजारांत दिसली तर हात लावू नका. आत छोटं मेमरी कार्ड असतं आणि त्याला खोटी क्षमता सांगायला शिकवलेलं असतं. कार्ड भरलं की नव्या फायली जुन्यांवर लिहिल्या जातात. नावं दिसतात, उघडत काहीच नाही. शंका असेल तर डिस्क रिकामी असतानाच विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू किंवा मॅकवर एफ-थ्री चालवा. ते डिस्क पूर्ण भरून परत वाचून बघतात. एक टीबीला एका रात्रीचं काम.

आता फायली चढवताना. पोर्ट यूएसबी तीनचा घ्या, बहुधा तो आतून निळा असतो. पाचशे जीबीला त्यावर दीडेक तास, जुन्या यूएसबी दोनवर चार तास. बारक्या फोटोंची गर्दी असेल तर आणखी वेळ. बऱ्याच जणांचा इथे घोटाळा होतो. सुरुवातीला सेकंदाला शंभर एमबीने धावणारी डिस्क तासाभराने वीस-तीसवर येते, माणूस समजतो बिघडली, आणि वायर उपटतो. अडीच इंची डिस्कवर बहुतेक वेळा माहितीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. मधलं एक कौल बदलायचं तर त्यावरची उचलावी लागतात, तसंच इथे एक पट्टी बदलायला शेजारच्या पुन्हा लिहाव्या लागतात. म्हणून ती मंदावते. तिला तिचा वेळ द्या. बॅकअपला ही डिस्क चालते, थेट तिच्यावर व्हिडिओचं संकलन करू नका.

फॉरमॅटचं, म्हणजे डिस्कवर फायली मांडायच्या पद्धतीचं, एवढंच: घरात फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस ठेवा. ती फायलींच्या मांडणीतल्या प्रत्येक बदलाची आधी नोंद करते, त्यामुळे मध्येच वायर निघाली तरी सावरायची शक्यता जास्त. मॅकही असेल तर एक्सफॅट, पण त्यात अशी नोंद नसते, तेव्हा सेफली रिमूव्ह केल्याशिवाय हात लावायचा नाही. टीव्हीला लावल्यावर टीव्हीने फॉरमॅट करू का असं विचारलं, तर उत्तर नाही. हो म्हटलं की सगळं पुसलं.

काम झालं की डिस्क काढून ठेवा. कायम जोडलेल्या डिस्कला खंडणीखोर व्हायरस कम्प्युटरबरोबरच कुलूप लावतो, आणि वीज पडून लाट आली तर तीही दोघांना एकदमच गाठते. चालू डिस्क जागची हलवू नका. वाचणारं टोक तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, धक्क्याने टेकलं की ओरखडा. बंद केल्यावर ते बाजूला जाऊन बसतं. मग एसटीच्या पिशवीत कपड्यांत गुंडाळून नेली तरी चालते.

ठेवायची कुठे? घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, दोन लिटरचा पुरे. तळाशी तीस-चाळीस ग्रॅम सिलिका जेल, वर डिस्क आणि तिची वायर. वायरही आतच हवी, कारण खाऱ्या हवेने आधी टोकाचा पत्रा काळवंडतो आणि मग डिस्कची जोडणी मध्येच तुटू लागते. जेल नारिंगी दाण्यांचं घ्या. ओल शोषली की ते हिरवं पडतं, मग बदला. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ओल घालवायला ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका. तांदळाच्या डब्यात डिस्क पुरायचा सल्ला कुणी देईल. तांदळाचा भुसा पोर्टमध्ये जातो, दुसरा काही लाभ नाही. डबा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको. आणि एसी गाडीतून किंवा एसी दुकानातून आणलेली डिस्क लगेच जोडू नका. थंड लोट्यावर जसे थेंब जमतात तसे आतल्या सर्किटवरही जमतात. पिशवी बंदच ठेवून दोन तास थांबा.

अदलाबदलीच्या दिवशी दोन कामं. क्रिस्टल डिस्क इन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर उघडा आणि खराब जागा मोजणाऱ्या शून्य-पाच, सी-पाच, सी-सहा (05, C5, C6) या तीन ओळींचे शेवटचे आकडे पाहा. तिथे शून्य हवं. आकडा वाढत चालला तर डिस्क थकली, लगेच दुसरी घ्या. सी-सातचा आकडा वाढला तर बहुधा जोडणीचा दोष. दुसरं काम: कुठल्याही दहा फायली दुसऱ्याच कम्प्युटरवर उघडून बघा. बॅकअप झाल्याचा संदेश येतो आणि आत रिकामं फोल्डर निघतं, असंही होतं.

टिकटिक ऐकू आली तर आधी वायर आणि पोर्ट बदलून बघा. वीज कमी पडली तरी असाच आवाज येतो. तरीही आला तर बंद करा, पुन्हा पुन्हा लावू नका. पुराच्या पाण्यात बुडालेली डिस्क वाळवायची नाही. वाळली की गाळ आणि क्षार तबकडीवर चिकटून बसतात. आहे तशी ओली, झिपच्या पिशवीत बंद करून, धूळमुक्त खोली असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्याकडे पाठवा. घरी स्क्रू उघडायचा नाही.

राहिला पासवर्ड. डिस्क मुंबईला जाणार, वाटेत हरवू शकते, म्हणून बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारा विंडोजचा प्रोग्रॅम, लावा. विंडोजच्या होम आवृत्तीत तो डिस्कवर लावता येत नाही, मात्र लावलेली डिस्क पासवर्डने उघडते. रिकव्हरी की म्हणजे ४८ आकडे असतात. ते हरवले आणि पासवर्डही विसरलात तर कुणीही काही करू शकत नाही. म्हणून ते कागदावर उतरवा आणि ज्या घरी डिस्क नाही त्या घरी ठेवा. डब्यावर चिठ्ठी चिकटवा: शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा, आत काय आहे. दोन्ही ठिकाणी बॉलपेनने लिहा. जेल पेनची शाई ओल लागली की पसरते, आणि अठ्ठेचाळीस आकड्यांत तिनाचा आठ झालेला कळत नाही.