आधी छळ, मग माहिती?

[दृश्य: कृष्णधवल चौकट. उघडा, थरथरणारा माणूस.]

छळ उरकला आहे. 'द बॅटल ऑफ अल्जिअर्स' हा चित्रपट तिथून सुरू होतो. या माणसाने तोंड उघडलंय. बंडखोरांचा नेता अली ला पॉइंत कुठे लपलाय, ते त्याने फ्रेंच पॅराट्रूपर्सना सांगून टाकलंय. आता तेच त्याला कॉफी पाजतात, आपला गणवेश त्याच्या अंगावर चढवतात. त्याला पुढे घालून छापा मारायचा आहे.

साल १९५७. अल्जिअर्सचा कसबा, म्हणजे गल्लीबोळांचं जुनं शहर. अल्जेरियाचा फ्रान्सविरुद्धचा हा स्वातंत्र्यलढा इटलीच्या जिलो पॉन्तेकॉर्वोने १९६६ मध्ये पडद्यावर आणला. त्यात बंडखोरांच्या म्होरक्याचं काम केलंय सादी यासेफने. खऱ्या लढ्यातही कसब्याचा म्होरक्या तोच होता!

[दृश्य: छळाची चित्रमालिका. फक्त संगीत.]

पाणी, वीज, ब्लोटॉर्च. संवाद नाहीत. ऐकू येतं ते चर्चमधलं वाटावं असं संगीत. आपल्याकडच्या सिनेमात थर्ड डिग्री दिली की आरोपी पोपटासारखा बोलतो आणि थिएटरात शिट्ट्या पडतात. इथे शिट्टीला जागाच ठेवलेली नाही.

तरी पॉन्तेकॉर्वो एक अडचणीची गोष्ट झाकत नाही. इथे छळाला यश येतं. माहिती मिळते, ती खरी निघते, बंडखोरांच्या संघटनेचं जाळं एकेक गाठ करत सुटत जातं. पॅराट्रूपर्सचा प्रमुख कर्नल मॅथ्यूही राक्षस नाही. शांत, हुशार अधिकारी आहे. तो पत्रकारांनाच उलट विचारतो: फ्रान्सने अल्जेरियात राहायचं का? हो म्हणत असाल, तर परिणामही पत्करा. गंमत म्हणजे हा कर्नल रंगवणारा जाँ मार्तां याच युद्धाच्या विरोधातल्या पत्रकावर सही केलेला नट.

कर्नल लढाई जिंकतो. १९६२ मध्ये अल्जेरिया स्वतंत्र होतो.

ऑगस्ट २००३. इराक धुमसत असताना पेंटॅगॉनमध्ये हाच चित्रपट दाखवला गेला. आठ महिन्यांनी इराकमधल्या अबू गरीब तुरुंगात अमेरिकी सैनिकांनी केलेल्या कैद्यांच्या छळाची छायाचित्रं जगापुढे आली. बघणाऱ्यांनी त्यातून काय घेतलं, कोण जाणे.

[दृश्य: काळा पडदा. फोनवरचे आवाज.]

२०१२. कॅथरीन बिगेलो यांचा 'झीरो डार्क थर्टी', बिन लादेनच्या शोधावरचा चित्रपट. सुरुवातीला ११ सप्टेंबरच्या हल्ल्यातले आवाज, आणि पाठोपाठ सीआयएची छळकोठडी. ही जुळणी मला निरागस वाटत नाही. प्रेक्षक आधीच संतापलेला असतो, मग कैद्याच्या तोंडावर पाणी ओतलं जातं.

दाखवणं म्हणजे पाठराखण नव्हे, हा बिगेलो यांचा बचाव. तत्त्व म्हणून मान्य. पण काय आधी दाखवलं आणि काय नंतर, याचं काय?

चित्रपटात पुढे हसन गुल हा कैदी येतो. पुन्हा छळ नको, विचाराल ते सांगतो, अशा अर्थाचं बोलतो आणि बिन लादेनच्या निरोप्याबद्दल माहिती देतो. म्हणजे आधी छळ, मग माहिती.

डिसेंबर २०१४ मध्ये सीआयएच्या कैद्यांच्या चौकशीवरच्या, अमेरिकी सिनेटच्या समितीच्या अहवालाचा सारांश प्रसिद्ध झाला. चित्रपट बनला तेव्हा तो उपलब्ध नव्हता, हे मान्य करायला हवं. सीआयएने त्यातले निष्कर्ष नाकारलेही. पण अहवाल म्हणतो: निरोप्याबद्दलची सर्वांत अचूक माहिती गुलने दिली, ती त्याच्यावर 'कठोर उपाय', म्हणजे छळ, सुरू होण्याआधी. ते उपाय त्याच्यावर नंतर झाले.