सिग्नल लाल का राहतो?

नमस्कार मंडळी. कल्याण, डोंबिवली, बदलापूरकडून रोज लोकल पकडणाऱ्यांना एक वाक्य तोंडपाठ असतं, तांत्रिक बिघाडामुळे गाड्या उशिराने धावत आहेत. मग डब्यात सुरू होतं, काय ते लाल-हिरवे दिवे, तेवढे पण नीट चालवता येत नाहीत का ह्यांना? पण खरं सांगू का, सिग्नल लाल होऊन अडकला ना, तर बहुतेक वेळा बिघडल्यावर त्यानं जसं वागायला पाहिजे तसाच तो वागत असतो.

पुढे गाडी आहे हे सिग्नलला कळतं कसं, ते आधी बघू. रुळांचे भाग पाडलेले असतात, मध्ये इन्सुलेशनचे जोड. एका टोकाकडून बारीकसा करंट एका रुळातून जातो, पलीकडच्या रिलेतून, म्हणजे करंट असेपर्यंत उचललेला राहणाऱ्या चुंबकी स्विचमधून, फिरून दुसऱ्या रुळातून परत येतो. करंट पोचतोय तोवर रिले उचललेला, म्हणजे लाइन मोकळी. गाडी आली की तिची चाकं दोन्ही रूळ जोडून टाकतात, करंट रिलेपर्यंत पोचतच नाही, रिले पडतो आणि सिग्नल लाल. हे ट्रॅक सर्किट. विल्यम रॉबिन्सन नावाच्या अमेरिकन माणसानं 1872 मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि त्याची खरी हुशारी अशी की गाडी आल्यावर करंट सुरू होईल असं न ठेवता त्यानं बरोबर उलटं ठेवलं. म्हणजे वायर तुटो, लाइट जावो, केबल चोरीला जावो नाहीतर उंदरांनी कुरतडो, करंट थांबला की सिग्नल लालच होणार.

पावसाळ्यात तेच होतं. कुर्ला, सायनला पाणी तुंबलं की दोन रुळांमधल्या भिजलेल्या, कचऱ्यानं भरलेल्या खडीतून करंट गळायला लागतो, रिले पडतो आणि सिस्टीमला वाटतं गाडी उभी आहे. ऑटोमॅटिक सिग्नल लाल असेल तर मोटरमननं दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं थांबायचं आणि मग कुठेही थांबता येईल अशा बेतानं हळूहळू पुढे जायचं, असा नियम आहे. ऐकायला मिनिटाचीच गोष्ट, पण मागून तीन-चार मिनिटांनी दुसरी लोकल येतेय, तिच्यामागे तिसरी, त्यात मेल-एक्सप्रेस पण घुसवायच्या, आणि मध्य रेल्वेवर लोकलच्या दिवसाला 1800 च्या आसपास फेऱ्या, म्हणजे सकाळी आठला पडलेला घोळ दुपारपर्यंत निस्तरत नाही.

यावर उपाय म्हणून काही ठिकाणी अ‍ॅक्सल काउंटर बसवलेत. ते करंट बघत नाहीत, अ‍ॅक्सल मोजतात, म्हणजे समोरासमोरच्या दोन चाकांना जोडणारे दांडे. बारा डब्यांच्या लोकलचे 48 आत गेले, 48 बाहेर आले, लाइन मोकळी. आणि बाहेर येताना 47 च मोजले गेले तर? एक अ‍ॅक्सल आतच राहिला असं धरून लाइन बंद, नीट खात्री करून रिसेट होईपर्यंत.

सांध्याचं, म्हणजे गाडी एका लाइनवरून दुसरीवर वळवणाऱ्या रुळांचं, पण तसंच. रूळ फिरला की तो बाजूच्या रुळाला घट्ट चिकटलाय का हे तपासलं जातं, मध्ये 5 मिलिमीटरचा तुकडा धरला तरी सांधा लॉक होता कामा नये अशी टेस्ट असते. खडीचा एक बारका दगड अडकला की संपलं! कोणीतरी चालत जाऊन तो काढेपर्यंत सिग्नल मिळत नाही.

बरं, मग दुरुस्ती पटकन का होत नाही? कारण सिग्नलवाल्यानं आधी स्टेशन मास्तरला मेमो द्यायचा, मग यंत्राला हात लावायचा, काम झाल्यावर टेस्ट करायची आणि मगच परत जोडायचं. रिले रूमला कुलपं पण दोन, एकाची किल्ली मास्तरकडे, दुसऱ्याची सिग्नलवाल्याकडे. चिडचिड होते, मान्य आहे. पण लंडनमध्ये क्लॅपम जंक्शनला डिसेंबर 1988 मध्ये काय झालं ऐका. काम करणाऱ्यानं एक जुनी वायर पूर्ण कापून न टाकता तशीच लोंबत ठेवली, ती पुन्हा टर्मिनलला लागली, पुढे गाडी असताना सिग्नल लाल झालाच नाही आणि 35 माणसं गेली. त्या माणसाला 13 आठवड्यांत एकच सुट्टी मिळाली होती.

आपल्याकडे 2 जून 2023 ला ओडिशात बाहानगा बझारला सिग्नल मेन लाइनचा हिरवा होता, सांधा मात्र लूपकडे, म्हणजे बाजूच्या लाइनकडे, वळलेला. कोरोमंडल एक्सप्रेस सरळ उभ्या मालगाडीवर गेली. चौकशीत निघालं काय, तर सिग्नलच्या सर्किटमध्ये केलेल्या बदलांमधल्या चुका. मेलेल्यांचा आकडा तिनशेच्या जवळ.

म्हणून मला विचाराल तर गाडी लालला थांबली म्हणून बोंब मारू नका. बोंब मारायचीच तर अशी मारा, की दर जूनमध्ये त्याच नाल्याचं पाणी त्याच रुळांवर का येतं, केबल उघड्यावर का पडलेली असते, आणि रात्रपाळी करून आलेल्या सिग्नलवाल्याला सकाळच्या फेल्युअरला परत का बोलावतात.