कुंपणापलीकडच्या ओळखी

(विभागीय उद्योजक-संघाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

सन्माननीय अध्यक्ष, कार्यकारिणीचे आजी-माजी पदाधिकारी आणि सभासद मित्रहो,

संघाच्या वाटचालीचा आढावा वार्षिक अहवालात सविस्तर आलेला आहे, त्यामुळे मी त्याची पुनरुक्ती करणार नाही. एका विभागातले उद्योगप्रमुख वर्षानुवर्षे नेमाने एकत्र बसतात, तेव्हा त्यातून त्या विभागाच्या पदरात नेमके काय पडते, या एकाच प्रश्नावर मला आज बोलायचे आहे. सभासदसंख्या, निधी, वास्तू यांचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु ज्यांची एरवी कधी गाठही पडली नसती अशा माणसांचा एकमेकांवर बसलेला विश्वास ही अशा संघाची खरी कमाई आहे, आणि ती संकट येण्याच्या आधीच करून ठेवावी लागते, असे माझे ठाम मत आहे.

अशा संघटनेची परंपरा जुनी आहे. फ्रान्समधील मार्सेय या बंदरात १५९९ साली व्यापाऱ्यांचे मंडळ स्थापन झाले. स्कॉटलंडमधील ग्लासगोची कथा आपल्याला अधिक जवळची वाटावी. त्या शहराची श्रीमंती अमेरिकेतून येणाऱ्या तंबाखूवर उभी होती, आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाने तो व्यापार कोलमडला. तेव्हा पॅट्रिक कोलहून या व्यापाऱ्याच्या पुढाकाराने १७८३ मध्ये तेथे चेंबर ऑफ कॉमर्स उभे राहिले. त्यात शहरातले बडे व्यापारी होतेच, शिवाय कारखानदारांना आणि आसपासच्या गावांतल्या व्यावसायिकांनाही स्थान होते. ज्या एका मालावर सगळ्यांचे पोट होते तोच हातचा गेल्यावर, निरनिराळ्या धंद्यांतल्या लोकांनी एकत्र बसण्याची निकड त्या शहराला जाणवली.

त्याच ग्लासगोच्या विद्यापीठात पूर्वी अध्यापन केलेल्या अॅडम स्मिथने १७७६ साली दिलेला इशाराही आपण विसरता कामा नये. एकाच धंद्यातली माणसे एकत्र आली की, निमित्त करमणुकीचे असले तरी, बोलणे अखेर ग्राहकाच्या खिशाला हात घालण्याच्या बेतावर जाते, असे त्याचे म्हणणे होते. आज अनेक देशांच्या स्पर्धा-कायद्यांनी हीच शंका नियमांत बांधली आहे. म्हणून आपल्या बैठकीची विषयपत्रिका आधी फिरते, इतिवृत्त लिहिले जाते, आणि दर, निविदा किंवा ग्राहकांची वाटणी यांपैकी काही बोलण्यात आले की अध्यक्ष ते बोलणे तिथल्या तिथे थांबवतात. नव्या सभासदांना हा काच वाटतो. माझ्या मते संघाची अब्रू याच शिस्तीवर टिकून आहे.

मग बैठकीत बोलायचे काय? सुटे भाग बनवणारा एखादा कारखानदार सांगतो की, त्याच्या मालाला उष्णता-प्रक्रियेनंतर बारीक तडे जात आहेत आणि प्रक्रिया करून देणारा ते मान्य करीत नाही. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या, शेतीची अवजारे करणाऱ्या बाईंनी तोच त्रास सोसलेला असतो; दोष भट्टीत नव्हता, तिच्या आधीच्या घासकामात होता, हे त्यांना अनुभवाने कळलेले असते. दोघे एकमेकांचे स्पर्धक नाहीत, ग्राहकही नाहीत. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली नेमके हेच मांडले : जिवलग मित्रांना बहुधा आपल्याला ठाऊक असते तेच ठाऊक असते, नवी माहिती येते ती दूरच्या, अधूनमधून भेटणाऱ्या ओळखींकडून. वर्षातून चार-सहा वेळा भेटणाऱ्या आपल्यासारख्या मंडळींसाठी यापेक्षा दिलासा देणारा निष्कर्ष नाही.

मात्र ओळखी कुणाकुणाच्या आहेत, यावर सारे अवलंबून असते. अमेरिकेतील यंग्सटाउन आणि अॅलनटाउन या दोन शहरांची तुलना शॉन सॅफर्ड या अभ्यासकाने केली आहे. दोन्ही शहरे पोलादावर वाढली आणि पोलाद उद्योगाच्या पडझडीत दोन्ही होरपळली. यंग्सटाउनमध्ये १९ सप्टेंबर १९७७ रोजी, सोमवारी, कॅम्पबेल वर्क्स हा कारखाना बंद होणार असल्याचे जाहीर झाले आणि सुमारे पाच हजार कामगारांच्या रोजीरोटीवर गदा आली. कारखान्याची मालकी काही वर्षांपूर्वीच बाहेरगावच्या कंपनीकडे गेलेली होती. त्या शहरात प्रतिष्ठित मंडळींच्या ओळखीपाळखी कमी होत्या असे मुळीच नाही. अडचण अशी होती की, संचालक मंडळांवर जी कुटुंबे बसत तीच क्लबात, तीच बागप्रेमींच्या मंडळात भेटत. आर्थिक धागा तुटला तेव्हा सामाजिक धागाही त्याच्याबरोबर सुटला, आणि कामगार, लहान उद्योजक व नगरप्रशासन यांना एका टेबलाशी आणू शकेल असे कुणी उरले नाही. अॅलनटाउनमध्ये विद्यापीठे आणि बालवीर चळवळीसारख्या नागरी संस्था यांच्या मंडळांवर असे लोक एकत्र येत होते, ज्यांचा व्यवसायाच्या निमित्ताने परस्परांशी फारसा संबंध नव्हता. पुढे नवे उद्योग उभे करण्याची वेळ आली तेव्हा हेच संबंध कामी आले.

जर्मनीतील रूर खोऱ्यातही घट्ट संबंधांचे हेच दुखणे दिसले. गेर्नोट ग्राबहेर यांच्या अभ्यासानुसार, पोलाद कंपन्यांशी पिढ्यान्पिढ्या बांधलेल्या पुरवठादारांनी स्वतःचे संशोधन आणि नव्या ग्राहकांचा शोध या दोन्हींकडे पाठ फिरवली होती, कारण उद्याची मागणी त्यांना कंपनीच कळवत असे. १९७० च्या दशकात मागणी ओसरली, तेव्हा ही नेहमीचीच मंदी आहे, थोडी कळ सोसली की दिवस पालटतील, असे सगळ्यांनी एकमेकांना सांगितले. एकमेकांवरचा विश्वास तिथे खरा होता. नव्हता तो बाहेरचा, वेगळे काही सांगणारा आवाज.

विभागीय नेतृत्वाने काय घडू शकते, हे पाहायचे तर पिट्सबर्गकडे वळावे लागेल. १९४० च्या दशकात तेथे धुरामुळे भरदुपारी रस्त्यावरचे दिवे लावावे लागत. १९४४ साली अॅलेगेनी कॉन्फरन्स ही उद्योगप्रमुखांची संस्था रीतसर स्थापन झाली. रिचर्ड किंग मेलन हे रिपब्लिकन विचारांचे बँकर आणि डेव्हिड लॉरेन्स हे डेमोक्रॅट महापौर, राजकारणात परस्परविरोधी. परंतु धूर-नियंत्रणाच्या प्रश्नावर दोघांनी हातमिळवणी केली. धूर-नियंत्रणाचा वटहुकूम १९४१ मध्येच झाला होता, युद्धामुळे त्याची अंमलबजावणी लांबली होती. १९४६ पासून ती उद्योगांना आणि त्यानंतरच्या वर्षी घरांनाही लागू झाली. कोळसा आणि रेल्वे यांच्या जिवावर श्रीमंत झालेल्या शहरात हे घडवून आणणे सोपे नव्हते. कुणा एका कारखान्याने आपल्यापुरती चिमणी स्वच्छ केली असती तर आकाश काळेच राहिले असते आणि त्याचा खर्च तेवढा वाढला असता. सगळ्यांनी एकाच वेळी तो बोजा उचलायचा, हे ठरवण्यासाठी सर्वांना मान्य असलेली एक जागा लागते. माझ्या लेखी विभागीय संघाच्या अस्तित्वाचे सर्वांत मोठे समर्थन हेच आहे.

पण त्याच पिट्सबर्गने पुढे लोअर हिल ही वस्ती १९५० च्या दशकात नव्या बांधकामासाठी पाडली. सुमारे आठ हजार रहिवासी विस्थापित झाले, त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. ज्या एकोप्याने शहराचे आकाश मोकळे केले त्याच एकोप्याने हेही घडले. ज्यांची घरे जाणार होती ते निर्णय घेणाऱ्यांच्या टेबलाशी नव्हते. हा प्रसंग मी आनंदाच्या दिवशी मुद्दाम सांगतो आहे, कारण आपल्या संघाचा शब्द आता प्रशासनात वजनदार मानला जातो, आणि ज्याच्या शब्दाला वजन आले त्याच्यावर अनुपस्थितांचा विचार करण्याची जबाबदारी येते.

म्हणून कार्यकारिणीपुढे माझ्या काही विनंत्या आहेत. पोटसमित्यांची अध्यक्षपदे ठरावीक मुदतीने फिरती असावीत. सभासदत्वासाठी दोन जुन्या सभासदांची शिफारस लागते, ती अट शिथिल करावी. तिच्यामुळे आपल्या ओळखीचेच लोक आत येतात आणि दरवेळी आपल्यासारखेच निघतात. तंत्रशाळांचे प्राचार्य, पाणीपुरवठा पाहणारे अभियंते, कामगार संघटनांचे प्रतिनिधी यांना पाहुणे म्हणून न बोलावता निमंत्रित सदस्य म्हणून वर्षभरासाठी बसवावे, म्हणजे त्यांना बोलण्याची सवय होईल आणि आपल्याला ऐकण्याची. हजेरीपटावरून जे सभासद लागोपाठ तीन बैठकांना आलेले नाहीत त्यांची यादी काढून, वर्गणीची आठवण करून देणारे पत्र धाडण्यापूर्वी, त्यांच्यापैकी प्रत्येकाकडे कुणी तरी प्रत्यक्ष जाऊन यावे. काहींचा धंदा अडचणीत असेल, काहींनी तो पुढच्या पिढीकडे सोपवला असेल, आणि काहींना आपल्या बैठकीत त्यांच्या कामाचे काही निघतच नसेल. या तिसऱ्या कारणाची नोंद सविस्तर करून घ्यावी आणि ती पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय म्हणून यावी.