आपल्याच पोटचं

(दृश्य: नागपूर, महाल. जुन्या घराची ओसरी, शिलाई मशीन, दोरीवर वाळत घातलेले ब्लाउज.)

माझ्या आत्याच्या प्रत्येक ब्लाउजला आतून एक कप्पा आहे. उजव्या बाजूला. त्यात ती मोहरीनं भरलेली कापडी पिशवी ठेवते. आधी कापूस भरायची. पण कापूस हलका, चालता चालता वर सरकतो, आणि लग्नकार्यात कुणाच्या तरी लक्षात येतंच. मोहरीला वजन असतं, ती जागेवर बसते. पदर डाव्या खांद्यावर आणि गेलेली बाजू उजवी. "डावी असती तर पदरानं सांभाळून घेतलं असतं," आत्या म्हणते.

१९९८ साली कॅन्सरमुळे तिची उजवी छाती काढली. दवाखान्यानं जीव वाचवला हे ती आजही हात जोडून सांगते. पण त्या रिकाम्या जागी काही करता येतं, हे तिला ना ऑपरेशनच्या आधी कुणी सांगितलं, ना नंतर. तिनंही विचारलं नाही. विचारायला आधी माहीत असावं लागतं. त्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला होता: जी विमा कंपनी स्तन काढण्याचा खर्च देते, तिनं तो पुन्हा घडवण्याचाही द्यायचा. महालातल्या ओसरीवर त्याची खबर यायचं कारण नव्हतं.

स्तन पुन्हा घडवायचे मुख्य रस्ते दोन. एक सिलिकॉनच्या इम्प्लांटचा. दुसरा स्वतःच्याच अंगातलं मांस, चरबी, कातडी वापरण्याचा. ही फिल्म दुसऱ्या रस्त्याची आहे.

(दृश्य: सकाळ. तुकडोजी पुतळा चौक. हातात फाईल आणि एक्स-रेची मोठी पाकिटं घेतलेली माणसं.)

कॅन्सरच्या उपचारासाठी नागपूरला फक्त नागपूरची माणसं येत नाहीत. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळ, आणि पलीकडून छिंदवाडा, बालाघाटचीही येतात. कुणी मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजला उतरतं, कुणी मानेवाडा रोडवरच्या तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलला, कुणी वर्धा रोडनं जामठ्याच्या कॅन्सर हॉस्पिटलला जातं. त्या गर्दीत आम्हाला काटोलकडच्या एक ताई भेटल्या. वय ४४. तीन एकर संत्रा. दोन लेकरं, दोन्ही सिझरची. डाव्या स्तनात गाठ, बगलेतही पसरलेली. चेहरा दाखवायचा नाही आणि नाव घ्यायचं नाही, एवढ्या अटीवर त्या बोलल्या.

ताईंचा पहिला प्रश्न होता, "पूर्णच काढा लागते का?"

प्रश्न अगदी बरोबर होता. इटलीत मिलान इथं १९७३ ते १९८० या काळात ७०१ बायकांवर अभ्यास झाला. निम्म्यांचा पूर्ण स्तन काढला, निम्म्यांचा गाठीभोवतीचा भाग काढून रेडिएशन दिलं. वीस वर्षांनंतरही दोन्ही गटांत जगण्याचं प्रमाण सारखंच राहिलं. पण तिथं गाठी लहान होत्या. ताईंची गाठ मोठी होती आणि एका जागी नव्हती, म्हणून काढणं भागच होतं. डॉक्टरांनी हे त्यांना बसून समजावलं. त्यानंतर त्या प्लास्टिक सर्जन मॅडमकडे गेल्या, आणि आम्हीही गेलो.

(दृश्य: कागदावर पेनानं काढलेली आकृती. पोट, छाती, पाठ.)

अंगाचाच तुकडा हलवून गेलेला अवयव घडवायचा, ही कल्पना आपल्याला परकी नाही. सुश्रुत संहितेत गालाच्या कातडीनं नाक घडवण्याची कृती आहे. आणि १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये एका मराठी माणसाची हकिगत छापून आली. कावसजी, इंग्रजी फौजेत बैल हाकणारा. टिपूच्या कैदेत त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभरानं पुण्याजवळ विटा पाडणाऱ्यांच्या जातीतल्या एका माणसानं त्याला नवं नाक लावलं. नाकाच्या जागी मेणाची पातळ चकती बसवून माप घेतलं, ती कपाळावर सपाट ठेवून भोवती रेघ ओढली, तेवढी कातडी सोडवली आणि खाली वळवली. दोन डोळ्यांच्या मधला एक चिंचोळा देठ मात्र कापला नाही. त्या देठातून रक्त येत राहिलं म्हणून नाक जगलं. मजकुरात त्या कारागिराचं नावसुद्धा नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आज याला फ्लॅप म्हणतात, आणि फ्लॅपचा सगळा जीव त्या देठात, म्हणजे रक्तवाहिन्यांत असतो.

सगळ्यात जुना रस्ता पाठीचा. इजिनिओ तान्सिनी या इटालियन सर्जननी १९०६ साली पाठीच्या रुंद स्नायूनं छातीची जखम झाकण्याची पद्धत मांडली. मग ती मागे पडली आणि सत्तरच्या दशकात पुन्हा वर आली. यात पाठीचा स्नायू वरच्या कातडीसकट सोडवतात, बगलेतला देठ तसाच ठेवतात आणि कातडीखालून वाट काढून तो पुढे छातीवर आणतात. रक्तवाहिनी तोडायची नाही, जोडायची नाही, म्हणून हे जास्त ठिकाणी करता येतं. पण पाठीवर चरबी कमी. मोठ्या स्तनासाठी तेवढं पुरत नाही, मग खाली इम्प्लांट ठेवावं लागतं. पाठीत पुष्कळदा काही आठवडे पाणी साचतं, ते सुईनं काढावं लागतं. रोजच्या कामाला हात चालतो; वर लटकून अंग ओढायचं, चढायचं, अशा कामांत जोर कमी पडतो. ताई झाडावर चढून संत्री तोडतात. त्यांनी हे ऐकलं आणि पाठीवर मनातल्या मनात काट मारली, तिथंच दिसलं.

मग पोट.

पोटाची कातडी आणि चरबी मऊ असते, स्तनासारखीच पडते, आणि चाळिशीतल्या बाईजवळ ती बहुधा असते. १९८२ साली कार्ल हार्ट्राम्फ या अमेरिकन सर्जननी पोटाच्या मधला उभा स्नायू चरबी-कातडीसकट वर वळवून स्तन घडवल्याचं मांडलं. याला ट्रॅम फ्लॅप म्हणतात. स्तन छान होतो, पण पोटाची भिंत एका बाजूनं कमजोर होते. पुढे फुगवटा येऊ शकतो, हर्निया होऊ शकतो. म्हणून सर्जन शोधत राहिले, की स्नायू जागेवर ठेवून नुसती चरबी नेता येईल का. १९८९ साली जपानच्या इसाओ कोशिमा यांनी ते शक्य असल्याचं दाखवलं, आणि १९९२ साली न्यू ऑर्लिन्सच्या रॉबर्ट अ‍ॅलन यांनी त्यानं स्तन घडवला. याचं नाव डीप फ्लॅप.

डीपमध्ये स्नायूच्या धाग्यांतून वर येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या एकेक करून सोडवतात, स्नायू तिथंच राहतो. आधी सीटी अँजिओग्राफी करून कुठली वाहिनी कुठून वर येते याचा नकाशा काढतात. मग देठ चक्क कापतात. पोटाचा तुकडा अंगापासून पूर्ण वेगळा होतो. तो छातीवर ठेवून, बरगडीमागच्या दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या धमनीला आणि शिरेला, मायक्रोस्कोपखाली, केसाहून बारीक दोऱ्यानं टाके घालून जोडतात. सहा-आठ तासांचं काम. ते करणारा सर्जन मायक्रोसर्जरी शिकलेला लागतो.

इथं ताई मध्येच बोलल्या.

"म्हणजे जंबेरीवर डोळा भरतो तसंच का मॅडम?"

मॅडम मूळच्या विदर्भातल्या नाहीत. त्यांना कळलं नाही, मग ताईंनी त्यांना समजावलं. संत्र्याचं झाड बियाण्यापासून लावत नाहीत. जंबेरीच्या खुंटाची साल चिरून त्यात संत्र्याचा डोळा बसवतात, वर पट्टी बांधतात. डोळा हिरवा राहिला तर धरला, काळा पडला तर मेला. मॅडम म्हणाल्या, अगदी तसंच. फक्त झाडाला दिवस मिळतात, मला तास मिळतात.

(दृश्य: रात्र. वॉर्डातला एक पलंग, गुडघ्याखाली उशा. नर्सच्या हातात छोटं डॉप्लर.)

ऑपरेशननंतरचे पहिले दोन-तीन दिवस खरे. सुरुवातीला दर तासाला नर्स येते. फ्लॅपला बोट लावून ऊब पाहते, दाबून सोडते आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते पाहते. डॉप्लर टेकवला की आत वाहणाऱ्या रक्ताचा वाऱ्यासारखा आवाज येतो. तुकडा पांढुरका, गार पडला तर रक्त येत नाहीये. जांभळा होऊन फुगला तर रक्त परत जात नाहीये. दोन्हीत तातडीनं पुन्हा ऑपरेशन थिएटर गाठावं लागतं, कारण सांधा लगेच मोकळा केला तर फ्लॅप वाचतो. अनुभवी हातांत शंभरातले पंचाण्णवहून जास्त फ्लॅप जगतात. उरलेल्यांतली आपण असू शकतो, हेही बाईला आधी सांगायला हवं.

गारव्यानं वाहिन्या आकसतात, म्हणून खोली उबदार ठेवतात. मे महिन्यात नातेवाइकांनी कूलर लावा म्हणून कितीही मागे लागलं तरी.

आणि खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण. नागपुरात यावर बोलावंच लागेल. तंबाखूतलं निकोटिन याच बारीक वाहिन्या आवळतं आणि जखम भरू देत नाही. बाई खर्रा खात असेल, मशेरी लावत असेल, तर निदान चार आठवडे आधी पूर्ण सोडावं लागतं. बायका हे डॉक्टरला सांगत नाहीत, शेजारी नवरा किंवा सासू बसलेली असते. मॅडम म्हणून हा प्रश्न सगळ्यांना बाहेर पाठवून विचारतात. साखर जास्त असेल तर तीही आधी आटोक्यात आणावी लागते.

सिझरच्या टाक्याची भीती बहुतेकींना असते. त्यानं सहसा अडत नाही. पोटाची चरबी काढायचं ऑपरेशन आधी झालं असेल तर मात्र तो रस्ता बंद होतो, आणि पोटाचा फ्लॅप आयुष्यात एकदाच घेता येतो. अंगानं अगदी बारीक असलेल्या बाईसाठी मांडीच्या आतल्या बाजूचा किंवा कुल्ल्याचा फ्लॅप असतो. कुठे खोलगट राहिलं तर चरबी सुईनं ओढून तिथं भरतात. त्यातली काही विरून जाते, म्हणून ते एकदोनदा पुन्हा करावं लागतं.

जे होत नाही तेही सांगते. नवा स्तन बहुतांशी बधिर असतो. बायकांना गरम भांडं टेकल्याचं कळत नाही आणि भाजतं. त्यात दूध येत नाही. पोटावर या कमरेपासून त्या कमरेपर्यंत आडवा व्रण राहतो. पहिले काही दिवस वाकूनच चालावं लागतं, आणि सहा ते आठ आठवडे जड उचलायचं नाही. स्तनाग्र नंतर, काही महिन्यांनी, तिथल्याच कातडीला वळवून घडवतात आणि भोवतीचा रंग गोंदून घेतात. पण ते जिवंत मांस असतं. बाईचं वजन वाढलं तर तेही वाढतं, उतरलं तर उतरतं. आपल्याच पोटचं असतं ते.

असा स्तन घडवल्यानं कॅन्सर परत यायची शक्यता वाढते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. आणि काहीच न करता सपाट राहायचं ठरवणारी बाईसुद्धा पूर्ण बरोबर असते. तिला कुणी "आता सोय आहे तर करून घे ना" म्हणून टोचू नये.

(दृश्य: पुन्हा महाल. संध्याकाळ.)

हे चित्रीकरण मी आत्याला दाखवलं. तिनं पूर्ण पाहिलं. डीपचं आलं तेव्हा थांबवायला सांगितलं आणि विचारलं, "मलेही होते का आता?" मी मॅडमना फोन लावला. वय हीच एक आडकाठी नसते, वर्षं उलटली तरी करता येतं, हृदय आणि साखर तपासावी लागेल, त्या म्हणाल्या.

आत्या बराच वेळ मशीनच्या चाकावर हात ठेवून बसली. "नाही बाप्पा, आता नको. मोहरीची सवय झाली मले." मग म्हणाली, "पण तेव्हा कोणीतरी विचारायले पायजे होतं."

(दृश्य: गणेशपेठ एसटी स्टँड. काटोलची गाडी लागलेली.)

काटोलच्या ताईंचं ठरलंय. बगलेतही गाठ असल्यानं त्यांना नंतर रेडिएशन घ्यायचंय, इथं बायका त्याला शेक म्हणतात. शेक दिलेल्या जागी लगेच फ्लॅप बसवत नाहीत, कातडी निवायला निदान सहा महिने द्यावे लागतात. म्हणून आधी स्तन काढायचा, मग केमो, मग शेक, आणि पोटाचं त्यानंतर. मुलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी सगळं क्रमानं लिहून घेतलंय.

ताईंनी महिने मोजले नाहीत, बहार, म्हणजे संत्र्याचे हंगाम मोजले. आंबिया बहार ऑक्टोबरपासून निघतो, तेव्हा केमो चालू असेल, तोडणी मालक पाहतील. मृगाचा माल फेब्रुवारी-मार्चात.

"तो एक मृग जाऊ द्या," गाडीत चढताना त्या म्हणाल्या. "पुढच्या आंबियाचा माल निघाला की येतो मी. मग दोन महिने क्रेट उचलणार नाही, घरी सांगून ठेवलं."