तिसरं करडू

(दृश्य: पहाटेचा अंधार. गोठ्यात एकच दिवा. पेंढ्याची सळसळ.)

पहाटेचे चार वाजलेत. धाकटा तेवढा घरात झोपलाय, बाकी सगळं घर गोठ्यात आहे. कबरी शेळी काल दुपारपासून कळपातून बाजूला होत होती, पुढच्या पायानं जमीन उकरत होती. संध्याकाळी तिची कास ताठरली, तेव्हाच आजी म्हणाली, "आज रात्री झोप नाही कुणाला."

शेळी साधारण 150 दिवस गाभण असते. म्हणजे या पहाटेची सुरुवात पाच महिन्यांपूर्वी झाली, दिवस आखडायला लागले तेव्हा. जिथे हिवाळ्याचे दिवस चांगलेच लहान होतात, तिथे शेळ्या-मेंढ्या त्याच सुमाराला माजावर येतात. रात्र वाढते आहे हे त्यांच्या अंगाला कळतं. आणि मग पिल्लं जन्मतात ती कोवळं गवत वर येताना. व्याल्यानंतर चार-सहा आठवड्यांनी शेळीचं दूध भरात असतं, आणि तोवर रानही भरात आलेलं असतं. वसंतात गोठे असे एकदम भरून जातात ते यामुळे.

(दृश्य: शेळी आडवी पडलेली. कॅमेरा लांबूनच.)

आधी दोन खूर दिसतात आणि त्यांवर टेकलेलं इवलंसं नाक. पाण्यात सूर मारताना आपण हात पुढे धरतो ना, तसं. पिल्लू सरळ आहे, म्हणजे आता कुणीही काहीही करायचं नाही. थोरली अकरा वर्षांची आहे. तिचे हात सारखे पुढे जातात. आजी तिच्याकडे न बघताच म्हणते, "थांब गं. तिचं तिला करू दे."

पहिलं करडू पेंढ्यावर येतं. शेळी वळून त्याला चाटायला लागते. या चाटण्यात पुष्कळ काही असतं: पिल्लू कोरडं होतं, त्याचं रक्त खेळायला लागतं, आणि शेळीला त्याचा वास कायमचा ओळखीचा होतो. थोड्या वेळानं दुसरं येतं. तेही धडपडत, गुडघ्यावर आपटत उभं राहू पाहतं.

आणि मग तिसरं. त्याची कुणाला कल्पनाच नव्हती. पहिल्या दोघांच्या निम्मं असेल. शेळी त्या दोघांत गुंतलेली, हे मागे पेंढ्यात ओलं पडून.

आजी नातीला म्हणते, "आता हो पुढे."

(दृश्य: मुलीचे हात. गोणपाट. करडाच्या तोंडात घातलेलं बोट.)

करडू गारठलंय का, हे बघायची गोठ्यातली साधी रीत म्हणजे त्याच्या तोंडात बोट घालायचं. तोंड उबदार लागलं तर बरं. हे तोंड गार आहे. गारठलेल्या करडाला लगेच दूध पाजू नये, त्याच्या पोटाला ते पेलत नाही. आधी ऊब, मग दूध. आई गोणपाटानं त्याला खसाखसा पुसते, बाबा कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आणतात. थोरली त्याला छातीशी धरून बसते. बराच वेळ काहीच होत नाही. मग तिच्या बोटावर अगदी हलकी ओढ जाणवते.

"आजी, चोखतंय."

आता घाई करायची. माणसाच्या बाळाला रोगांशी लढायची थोडी शिदोरी आईच्या पोटातच मिळते. करडाला तसं काही मिळत नाही, ते कोऱ्या अंगानं जन्मतं. त्याची सगळी शिदोरी पहिल्या दाट, पिवळसर चिकात असते. ती आतड्यातून रक्तात जायची वाट पहिल्या काही तासांतच सगळ्यात जास्त उघडी असते, आणि दिवसभरात जवळजवळ बंद होते. उद्या कितीही चीक पाजला तरी आजचं भरून निघत नाही. दोन किलोच्या करडाला पहिल्या दिवसात 200 मिलिलिटर तरी चीक पोटात जायला हवा, थोडाथोडा करून. आई कासेतून पिळते, थोरली बाटली धरते. करडाची मान वर, जशी आईच्या कासेला लुचताना असते तशी, म्हणजे दूध त्याच्या चार पोटांपैकी थेट शेवटच्या पोटात उतरतं. बाकीची पोटं अजून जागी व्हायची आहेत.

बाबा तिघांच्याही नाळेला आयोडीन लावतात. शेळीची वार, म्हणजे पिल्लांना पोटात पोसणारं आवरण, अजून लोंबते आहे. ती ओढायची नाही. आपली आपण पडते.

(दृश्य: सकाळ. खुराड्यापाशी उकिडवा बसलेला धाकटा.)

खुराड्याशी वेगळीच गोष्ट चालू आहे. उजेड वाढला तशा कोंबड्या भरपूर अंडी घालायला लागल्या, आणि त्यातली एक खुडूक झाली, अंडी उबवायला बसली. आज तिचा 21वा दिवस. अंडी निरनिराळ्या दिवशी घातलेली, पण ऊब एकाच दिवशी मिळाली, म्हणून पिल्लं बरोबरीनं निघतात. कान दिला तर आतली किवकिव ऐकू येते, आणि कोंबडी हळू आवाजात तिला उत्तर देते.

एका अंड्याला बारीक चीर गेलीय. सकाळपासून ती तेवढीच आहे. धाकट्याला राहवत नाही. "आई, मी जरा सोलू? त्याला येता येत नाहीये."

आई त्याच्याशेजारी बसते. आतलं पिल्लू अडकलेलं नाही, ते तिला माहीत आहे. चीर पडल्यापासून बाहेर यायला अर्धा दिवस जातो, कधी पुरा दिवस. या वेळात ते उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि कवचाच्या आतल्या पापुद्र्यातलं रक्त त्याच्या अंगात परत येतं. आत्ता सोललं तर ते रक्त वाहून जाईल.

"मग मी काय करू?"

"बस इथं. बघ."

आम्ही या घरात बरंच काही टिपलं, पण सहा वर्षांच्या मुलाला हे जितकं जड गेलं तितकं त्या रात्री जागणाऱ्यांनाही गेलं नसेल. दुपारी तो तिथंच भिंतीला टेकून झोपला. पिल्लू निघालं तेव्हा त्याला हाक मारायचं आजीच्या लक्षात राहिलं, हे फार बरं झालं.

(दृश्य: पुढचे दिवस. बाटल्या, दप्तर, कंदील, वाळत घातलेली गोणपाटं.)

त्यानंतर घराचं घड्याळ करडाच्या पोटावर चालतं. रात्रीची बाटली बाबांची, पहाटेची आईची, शाळेआधीची आणि नंतरची थोरलीची. तरीही आजी त्या करडाला घरात राहू देत नाही. पाजून झालं की परत भावंडांत, त्याच पेंढ्यात. दिवसातून दोनदा शेळीला गळ्याशी धरून त्याला कासेला लावायचं. शेळी लाथ झाडते, शिंगानं ढकलते. थोरलीला वाईट वाटतं. "नको ना आजी, मी पाजते की."

"तू किती दिवस पाजशील?" आजी विचारते.

दुसऱ्या आठवड्यात करडं गवताच्या काड्या चघळायला लागतात. शेळ्यांना रानात सोडायच्या आधी बाबा त्यांना वाळला चारा खाऊ घालतात, कारण उपाशी पोटी ओलं कोवळं गवत हादडलं की पोट फुगतं. मग फाटक उघडतं, आणि तिन्ही करडं वारा प्यायल्यासारखी उधळतात. चारी पाय एकदम हवेत, आडवी उडी, पुन्हा माघारी. पुढे दगडावर चढायची शर्यत. लहानगं सगळ्यात मागे असतं, पण असतं.

(दृश्य: संध्याकाळ. गोठा. शेळी, मुलगी, तिसरं करडू.)

बाराव्या दिवशी थोरली नेहमीसारखी शेळीला धरते. करडू खाली घुसतं. शेळी मान वळवते, त्याच्या शेपटीखाली हुंगते. पुन्हा हुंगते. थोरली गळ्यावरचा हात हळूच काढून घेते.

शेळी हलत नाही. करडाची शेपटी थरथरायला लागते. थोरली एक पाऊल मागे येते. तिच्या दुसऱ्या हातातली बाटली तशीच भरलेली आहे.